मेणाचा ठोकळा

धाकट्या भावाच्या उजव्या बरगडीवरची गाठ पहिल्यांदा आईच्या हाताला लागली, पाठीला तेल चोळताना. तेव्हा ती लिंबाएवढी होती. दुखत नव्हती, म्हणूनच चार महिने गेले. आमच्या निपाणीत छातीचं काही निघालं की आधी तंबाखूच आठवतो. "बिडी वडत हुतास काय रं?" जो तो विचारायचा. त्यानं कधी बिडीला हात लावला नाही, आणि हा आजार तंबाखूनं होणारा नव्हेच. तरी त्याला मान खाली घालावी लागली, याचा मला अजून राग येतो.

एका डॉक्टरांनी चरबीची गाठ म्हणून काढायची तारीखही दिली होती. त्याआधी बेळगावला दाखवलं. तिथं डॉक्टरांनी गाठ चिमटीत धरून हलवून पाहिली. ती हलली नाही. "सुरी लावू देऊ नका. पाच सेंटीमीटरच्या वर गेलीय, खोल आहे, वाढतेय. आधी सीटी, मग सुई." सार्कोमा, म्हणजे हाडं, स्नायू, चरबी यांत होणारा कॅन्सर, असला आणि अंदाजानं कापलं, तर पेशी आजूबाजूला सांडतात आणि पुढचं ऑपरेशन मोठं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

सीटीत गाठ फुफ्फुसात नाही, छातीच्या भिंतीत निघाली. सुईनं काढलेले तुकडे मी बाटलीत पाहिले. फॉर्मेलिनमध्ये पडलेल्या तुटक्या शेवयाच जणू, पांढरट. रिपोर्टात एवढंच की पेशी चातीसारख्या लांबट आहेत. तशा दिसणाऱ्या गाठी कितीतरी. नेमकी कुठली, ते ठरवायला ते तुकडे बसवलेला मेणाचा ठोकळा परळला, टाटा हॉस्पिटलला न्यायचा ठरला.

मे महिना. मेण मऊ पडेल या भीतीनं ठोकळा रुमालात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवला, आणि कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर तो डबा मांडीवर घेऊन बसले.

आधी पेशींना रंग लावून तपासण्या झाल्या, मग जनुकाची. एक्स आणि अठरा नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल झालेले. सायनोव्हियल सार्कोमा.

"आक्का, सायनोव्हियल म्हंजे सांध्याचं न्हवं? माझा तर एक बी सांधा दुखत न्हाई."

डॉक्टरांना विचारलं. सांध्याच्या अस्तराशी याचा संबंध नाही, नाव जुनं आहे, तेच चिकटून राहिलं, असं ते म्हणाले. रात्री धाकट्यानं वहीच्या मागच्या पानावर ते मराठीत लिहून घेतलं, आईला वाचता यावं म्हणून.