रँडॉल्फ वंशावळ: क्रमांक ३० अखेर जागेवर बसला

मंडळी, क्रमांक ३० सुटला! मागच्या अपडेटमध्ये ३० आणि ३१ या दोन घरांत प्रश्नचिन्हे होती. आता ३० वर कर्ल्सचा रिचर्ड रँडॉल्फ आणि ३१ वर त्याची बायको जेन बोलिंग, दोघेही शाईने लिहिले आहेत. (नव्या वाचकांसाठी: ज्याचे पूर्वज शोधायचे तो क्रमांक १. कुणाच्याही क्रमांकाची दुप्पट केली की त्याच्या बापाचा क्रमांक, त्यात एक मिळवला की आईचा. कर्ल्स, टकाहो, मेटोक्स, टर्की आयलंड ही व्हर्जिनियातल्या या घराण्याच्या मळ्यांची नावे.)

क्रमांक १ वर सेंट जॉर्ज रँडॉल्फ आहे हे जुन्या मंडळींना आठवत असेलच. जन्म १७९२, बिझार मळ्यावरच्या रिचर्ड आणि ज्युडिथचा थोरला मुलगा, जन्मापासून बहिरा. अमेरिकेच्या राजकारणात त्याने काहीच केले नाही, तरी मी त्यालाच मुळाशी घेतले. राष्ट्राध्यक्ष जेफरसनपासून वर चढलो तर टर्की आयलंडचा मूळपुरुष विल्यम रँडॉल्फ एकदाच भेटतो, सरन्यायाधीश जॉन मार्शलपासून चढलो तरी एकदाच. सेंट जॉर्जपासून चढलो की तो चार वेळा भेटतो: १६, ४२, ४८ आणि ६० या क्रमांकांवर. व्हर्जिनियातल्या सत्ताधारी घराण्यांची वीण किती घट्ट होती हे बघायला यापेक्षा चांगली जागा मला सापडलेली नाही.

यातले पहिले तीन क्रमांक केव्हाच पक्के झाले होते. १६ हा सरळ बापाकडून: मेटोक्सचा जॉन, त्याचा बाप कर्ल्सचा रिचर्ड, त्याचा बाप विल्यम. ४२ हा आजीकडून: फ्रान्सेस ब्लँड, तिचा बाप थिओडोरिक, त्याची आई एलिझाबेथ ही विल्यमची मुलगी. ४८ हा आईच्या बापाकडून, म्हणजे टकाहोच्या शाखेतून. अडले होते आईच्या आईपाशी. ज्युडिथची आई अ‍ॅन केरी (क्र. ७), तिचा बाप आर्चिबाल्ड केरी (क्र. १४), १७७६ पासून व्हर्जिनियाच्या सिनेटचा सभापती. त्याची बायको मेरी रँडॉल्फ (क्र. १५). पण कुठली मेरी?

या घराण्यात मेरी किती आहेत ते एकदा मोजून बघा. विल्यमच्या बायकोचे नाव मेरी इशम, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक मुलाने आपल्या एका मुलीला आईचे नाव दिले. आपल्याकडे आजीचे नाव नातीला ठेवतात तसेच. त्यात इंटरनेटवरच्या सार्वजनिक झाडावर, म्हणजे सगळ्यांनी मिळून भरायच्या वंशवृक्षावर, कुणीतरी इशम रँडॉल्फची (हाही विल्यमचा मुलगा) मेरी आणि रिचर्डची मेरी या दोघींना एकत्र करून टाकले. दोघी साधारण समवयस्क, दोघी जेम्स नदीच्या काठच्या, दोघींच्या आईचे नाव जेन. संगणकाने ‘ही एकच व्यक्ती असावी का?’ असे विचारले, आणि त्या गृहस्थांनी एकही कागद न बघता होकार दाबला. परिणामी केरीच्या बायकोला दोन नवरे आणि दोन बाप मिळाले. ते पुन्हा वेगळे करणे फार कटकटीचे काम होते, कारण मुलेही एकमेकांत मिसळली होती. म्हणून पुन्हा सांगतो, सार्वजनिक झाडावरून दिशा घ्या, पण मूळ नोंदी आपल्या संगणकावर आपल्या फाइलीत ठेवा. मी ग्राम्प्स हे वंशावळीचे सॉफ्टवेअर वापरतो. ते फुकट आहे, आणि प्रत्येक घटनेला वेगळा पुरावा जोडता येतो. एकच पूर्वज अनेक वाटांनी येतो तेव्हा त्यातले नाते मोजण्याचे साधन सगळ्या वाटा दाखवते, आणि या घराण्यासाठी नेमके तेच हवे.

गंमत अशी की क्रमांक ६० ला कधीच धोका नव्हता. केरीची मेरी रिचर्डची असो, इशमची असो की थॉमसची, ३० वर विल्यमचाच कुठला तरी मुलगा येणार आणि ६० वर विल्यमच. म्हणून बरेच जण हा प्रश्न सोडून देतात. पण ३० वर कोण बसतो यावर खालची सगळी नाती फिरतात.

उत्तर मिळाले ते एकेका मेरीला बाद करत.

विल्यमची स्वतःची मुलगी मेरी जॉन स्टिथला दिलेली. तिचा मुलगा विल्यम स्टिथ, पुढे विल्यम अँड मेरी कॉलेजचा अध्यक्ष, १७०७ चा. केरी १७२१ चा. म्हणजे ही मेरी त्याच्या आईच्या पिढीची, बाद. टकाहोच्या थॉमसची मेरी जेम्स कीथच्या घरात गेली. तिची मुलगी १७३७ ची आणि तीच जॉन मार्शलची आई. केरीचे लग्न १७४४ चे, त्याच्या आधीपासून ही मिसेस कीथ होती, बाद. टकाहोच्या विल्यमची (हा थॉमसचा मुलगा) मेरी पुढे टार्ल्टन फ्लेमिंगची बायको झाली, पण तिचा बाप १७४५ मध्ये वारला तेव्हा ही भावंडे इतकी लहान होती की त्यांना सांभाळायला पीटर जेफरसन आपल्या कुटुंबासह टकाहोला येऊन राहिला. तीही बाद. १८२४ मध्ये पाककृतींचे पुस्तक छापणारी मेरी रँडॉल्फ १७६२ ची आणि ती तर अ‍ॅन केरीचीच मुलगी, म्हणजे आपल्या क्र. १५ ची नात. (आर्लिंग्टनच्या दफनभूमीत पुरलेली पहिली ज्ञात व्यक्ती तीच. तिच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहायचे आहे.)

उरल्या दोन: इशमची आणि रिचर्डची. नेमक्या त्याच, ज्या झाडावर एक केल्या होत्या.

इथे मी आधी नावांचा आधार घेऊन बघितला. केरीच्या एका मुलीचे नाव जेन. आजीचे नाव म्हणावे तर रिचर्डची बायको जेन बोलिंग आणि इशमची बायको जेन रॉजर्स. नावावरून काहीच ठरेना. या घराण्यावर काम करताना नावांची साक्ष शेवटीच घ्यावी असे माझे मत यामुळे अधिकच पक्के झाले.

मग नवऱ्यांकडून आलो. इशमची मेरी चार्ल्स लुइसची बायको. तिचा मुलगा चार्ल्स लिलबर्न लुइस १७४७ चा, ज्याने पुढे जेफरसनची बहीण ल्यूसी केली, म्हणजे आपल्या सख्ख्या मावशीच्या मुलीशी लग्न. आणि केरीची अ‍ॅन १७४५ ची. दोन वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या घरांत मुले जन्मतात, दोन्ही नवरे हयात, दोन्ही संसार पुढे चालू. एका बाईला हे शक्य नाही. इशमची मेरी लुइसकडे गेली, तर केरीकडे रिचर्डचीच उरते.

नुसत्या वजाबाकीवर मी शाई लावत नाही. एखादी सातवी मेरी कुठे दडलेली असू शकते. पण इथे दुसऱ्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. जेन बोलिंग पोकाहोंटसच्या, म्हणजे व्हर्जिनियातल्या मूळनिवासी सरदाराच्या प्रसिद्ध मुलीच्या, वंशातली. पोकाहोंटसचा मुलगा थॉमस रोल्फ, त्याची मुलगी जेन रोल्फ, तिचा मुलगा जॉन बोलिंग आणि त्याची मुलगी ही जेन. त्या वंशाचा अभिमान व्हर्जिनियात इतका होता की १८८७ मध्ये पोकाहोंटसच्या वंशजांची वेगळी यादी पुस्तकरूपाने छापली गेली, आणि तिच्यात अँप्टहिलच्या केरीची बायको कर्ल्सच्या रिचर्डच्या मुलींमध्ये आहे. छापील वंशावळीवर एरवी मी फार विसंबत नाही. पण वजाबाकी आणि यादी वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकाच मेरीपाशी थांबल्या.

आता फळ बघा. सेंट जॉर्जच्या तक्त्यात कर्ल्सचा रिचर्ड ८ वरही आहे आणि ३० वरही. जेन बोलिंग ९ आणि ३१ वर. पोकाहोंटस १४९ आणि ५०१ वर! हे दोन आकडे मी मोठ्या कागदावर लाल रंगात लिहिले आणि बराच वेळ बघत बसलो.

त्याहून मोठा आनंद म्हणजे लग्नांची रीत उलगडली. मेटोक्सच्या जॉनची आत्या एलिझाबेथ, तिचा मुलगा थिओडोरिक ब्लँड हा जॉनचा आतेभाऊ, आणि जॉनने त्याची मुलगी फ्रान्सेस केली. पुढच्या पिढीत जॉनचा मुलगा रिचर्ड: त्याची आत्या मेरी केरी, तिची मुलगी अ‍ॅन ही त्याची आतेबहीण, आणि रिचर्डने तिची मुलगी ज्युडिथ केली. बापाने नात्याने पुतणी केली, मुलाने नात्याने भाची. आत्याच्या घरी गेलेली जमीन आणि प्रतिष्ठा नातीच्या रूपाने परत घरी येते. ३० वर इशमला बसवले तर दुसऱ्या लग्नातली ही आत्याच नाहीशी होते.

जेफरसनच्या घराचेही तसेच. त्याची मुलगी मार्था १७९० मध्ये धाकट्या थॉमस मान रँडॉल्फला दिली. तो ज्युडिथचा भाऊ, पुढे व्हर्जिनियाचा गव्हर्नर. इशमची मेरी घेतली तर ती आणि जेफरसनची आई जेन सख्ख्या बहिणी, म्हणजे नवरा-बायकोचे पणजोबा-पणजी एकच. खरी मेरी घेतली तर त्यांचे खापरपणजोबा एक, पण दोन वाटांनी: नवऱ्याच्या बापाकडून थॉमसमार्गे आणि आईकडून रिचर्डमार्गे. दोन्ही वाटा टर्की आयलंडच्या विल्यमपाशीच पोचतात. आणि जेफरसनच्या नातवंडांना पोकाहोंटसचा वारसा मिळाला तो याच क्र. १५ च्या मेरीकडून.

रक्ताचा वाटाही मोजला. खापरपणजोबाकडून सरासरी सोळावा हिस्सा येतो. सेंट जॉर्जला विल्यमकडून एक सोळांश आणि तीन बत्तिसांश, मिळून पाच बत्तिसांश. म्हणजे साध्या पणजोबापेक्षाही जास्त.

एक छोटी गोष्ट जाता जाता. ‘मान’ हे मधले नाव कुठून आले, असे कुणीतरी विचारले होते. जॉन मान, त्याची मुलगी मेरी मान, तिचा मुलगा मान पेज, त्याची मुलगी मारिया ज्युडिथ पेज, आणि तिचा मुलगा थोरला थॉमस मान रँडॉल्फ (क्र. ६, ज्युडिथचा बाप). आजोळच्या आजोळचे आडनाव असे चार पायऱ्या उतरत आले.  या थोरल्या थॉमस मानने दुसऱ्या लग्नातल्या मुलालाही १७९२ मध्ये थॉमस मान हेच नाव ठेवले, पहिला मुलगा हयात असताना! त्या दोघांना वेगळे ठेवायला एजहिलचा आणि टकाहोचा असे मळ्याचे नाव जोडा, नुसते ‘ज्युनियर’ लिहू नका.

पत्रांसाठी फाउंडर्स ऑनलाइन या अमेरिकेच्या संस्थापकांच्या कागदपत्रांच्या संकेतस्थळाला तोड नाही. जेफरसनची मुलीला लिहिलेली पत्रे तिथे टिपांसह फुकट वाचता येतात, आणि पत्रातला रँडॉल्फ कोणता हे टिपेत दिलेले असते. जमिनीच्या आणि वारसाच्या भांडणांसाठी लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाचा चॅन्सरी खटल्यांचा संग्रह बघा. वारसांची नावे खटल्यात एकेक करून लिहावीच लागत. व्हर्जिनियाची १७९० ची शिरगणती नष्ट झाली आहे, तेव्हा १७८२ पासूनच्या करयाद्या हाच आधार. वंशावळीच्या संकेतस्थळांचे पैसे भरून सदस्य होण्याची घाई करू नका.

पुढचे पाऊल म्हणून मार्शलची शाखा भरायची ठरली होती. १७९३ च्या बिझार प्रकरणात (ज्युडिथची बहीण नॅन्सी हिचे नवजात मूल मारल्याचा आरोप बिझारच्या रिचर्डवर होता) रिचर्डच्या बाजूने पॅट्रिक हेन्रीबरोबर मार्शल उभा राहिला. ज्युडिथ आणि नॅन्सी या बहिणींचे आणि मार्शलचे पणजोबा एकच, टकाहोचा थॉमस. नॅन्सीने पुढे १८०९ मध्ये न्यूयॉर्कच्या गूव्हर्नूर मॉरिसशी लग्न केले, तिकडून मॉरिस घराणेही जोडता येईल. पण हे लिहिता लिहिताच बेत बदलतो आहे.

बिझारचा रिचर्ड १७९६ मध्ये वारला. मृत्युपत्रात त्याने आपल्या ताब्यातल्या गुलामांना मुक्त करायला आणि जमीन द्यायला सांगितले होते. ज्युडिथने ते १८१० मध्ये अमलात आणले, आणि फार्मव्हिलजवळ इस्रायल हिल ही मुक्त लोकांची वस्ती उभी राहिली. हर्क्युलिस व्हाइट, सायफॅक्स ब्राउन ही तिथली माणसे. ती पिढ्यान्‌पिढ्या रँडॉल्फांच्याच मळ्यांवर राबली, लग्नांबरोबर आणि वाटण्यांबरोबर एका घरातून दुसऱ्या घरात दिली गेली. म्हणजे मी आता पक्का केलेला हा तक्ता त्यांच्याही ताटातुटीचा नकाशा आहे. मुलीच्या लग्नात कोण कुणाबरोबर पाठवले गेले, हे त्याच मृत्युपत्रांत आणि मालमत्तेच्या याद्यांत लिहिलेले असते. आजवर मी त्या पानांवरची रँडॉल्फ नावे उतरवून पुढे जात होतो.

आता तेच कागद पुन्हा काढतो आहे, यावेळी खालच्या नावांसाठी. प्रिन्स एडवर्ड काउंटीच्या मुक्त कृष्णवर्णीयांच्या नोंदवह्यांपासून मागे जायचे, करयाद्यांशी ताडायचे, मग कर्ल्स आणि मेटोक्सच्या याद्यांकडे वळायचे. ग्राम्प्समध्ये यासाठी ‘मालकी हस्तांतर’ अशी वेगळी घटना तयार केली आहे. तिचा साचा कुणाला हवा असेल तर सांगा, पाठवतो. त्या नोंदवह्यांवर आधी कुणी काम केले असेल तर त्यांच्याशी आधी बोलायला आवडेल. मार्शल थांबू शकतो.