तेल कमी, ठसका तोच

बुधवार, रात्री

मेयोनीजशिवाय, कमी तेलातलं झणझणीत चिकन सॅलड करायचं होतं. ‘बिर्याणी कट का करी कट?’ या चिकनवाल्याच्या नेहमीच्या प्रश्नाला आज मी ‘नुसतं ब्रेस्ट द्या, बिनहाडाचं, अर्धा किलो’ असं उत्तर दिलं, तेव्हा त्याने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. बरोबर आहे त्याचं. आमच्या घरी रश्शातला छातीचा तुकडा सगळ्यात शेवटी उरतो. तंगडीवरून भांडणं होतात, याला कोणी वाली नसतो.

तो कोरडा लागतो, पण दोष त्याचा नाही, कुकरच्या शिट्ट्यांचा आहे. मी पातेल्यात गार पाणी, मीठ, ठेचलेलं आलं, चार मिरे आणि चिकन असं सगळं एकदमच आचेवर ठेवलं. कडेला बुडबुडे दिसायला लागल्यावर गॅस अगदी बारीक केला, दहा मिनिटांनी बंद केला आणि झाकण तसंच राहू दिलं. पाणी खळखळा उकळू द्यायचंच नाही. सगळ्यात जाड तुकडा मधोमध चिरून पाहिला, गुलाबी कुठेच नव्हता. (स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश सेल्सिअस दिसले की झालं.) मग कोमट असतानाच बोटांनी धागे सोडवले. सुरीने चौकोनी तुकडे केले तर मसाला वरून निसटतो. धाग्यांमध्ये तो जाऊन बसतो. पाणी गाळून सूपसाठी ठेवलं.

आता अशा सॅलडला नेहमी लावतात ते मेयोनीज. त्यात साधारण तीन चतुर्थांश तेलच असतं. एका मोठ्या चमच्यात नव्वदच्या वर कॅलरी, आणि एका चमच्यावर थांबलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. १९५३ मध्ये ब्रिटनच्या राणीच्या राज्याभिषेकासाठी केलेलं ते प्रसिद्ध कॉरोनेशन चिकनसुद्धा मेयोनीज आणि क्रीममध्ये बुडालेलं, करी पावडर आपली नावाला. ते त्यांना लखलाभ. मी सकाळीच दही फडक्यात बांधून टांगलं होतं, त्याचा चक्का घेतला.

पण नुसती मेयोनीजच्या जागी चक्क्याची बदली करून भागत नाही, तिखटाचं सगळं गणित बदलतं. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच. तेलकट सॉसमध्ये चार मिरच्या गुपचूप खपून जातात. तेल काढलं की त्याच मिरच्या थेट जिभेवर येतात. दही थोडंफार सांभाळून घेतं, तरी मी तव्यावर भाजलेल्या दोनच मिरच्या, लसूण आणि जाडं मीठ एवढाच ठेचा केला.

उरलेला झणका मोहरीकडून घेतला. आजी भोपळ्याच्या भरताला लावायची तशी एक चमचा मोहरी खलात पाण्याचे थेंब टाकत फेसली. कोरडी कुटताना तिला काहीच वास नव्हता. पाणी लागलं, पिवळसर फेस धरला आणि वास थेट नाकात चढला, डोळ्यांत टचकन पाणी. हे तिखट जिभेवर रेंगाळत नाही, नाकातून जातं आणि लगेच ओसरतं. शिवाय त्याला तेलाचा थेंब लागत नाही. माझ्या मते बिनतेलाच्या तिखटाला याच्यासारखा दुसरा उपाय नाही. फक्त फेसलेली मोहरी फार वेळ ठेवायची नाही, कडू होत जाते.

बाकी सोपं. काकडी चोचवून, मीठ लावून घट्ट पिळलेली, नाहीतर चक्का पातळ होतो. कांदा उभा, बारीक, गार पाण्यातून काढलेला. भरपूर कोथिंबीर, लिंबू, दाण्याचं भरड कूट. वरून एक छोटा चमचा तेलाची हिंग-जिऱ्याची फोडणी दिलीच. तेवढ्यानं चाळीसेक कॅलरी वाढल्या असतील, वाढू देत. फोडणीशिवाय ते पथ्याचं लागलं असतं.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ‘‘म्हणजे कोशिंबिरीत कोंबडी घातलीस होय!’’ मग लगेच, ‘‘साखर घातलीस का चिमूटभर?’’ नव्हती घातली. फोन कानाला धरूनच घातली, मोहरीचा कडवटपणा गेला.

भाकरीच्या चतकोरावर घेऊन खाल्लं. मुलानं दोनदा वाढून घेतलं. वाटीभर उरलं होतं, पण उद्या गुरुवार, आमच्याकडे चालत नाही, म्हणून भांडी घासायच्या आधी तेही मीच उभ्याउभ्या संपवलं.