घडी सोडली, पट्टा धरला: घरगुती माउंटची पुढील नोंद

टपाल तिकिटे अल्बमच्या पानावर न चिकटवता धरून ठेवणारे पारदर्शक आवरण, म्हणजेच माउंट, मी घरीच पॉलिएस्टर फिल्मची घडी घालून करत होतो. ही घडी मिटलेली राहत नाही, हे आता मान्य करून ती पद्धतच सोडून दिली आहे. मागील नोंदीतील ५० मायक्रॉनची फिल्म बोथट पट्टीने कितीही घासली, पुस्तकांच्या ओझ्याखाली ठेवली, तरी दाब काढताच फाकते आणि पान उलटताना तिकीट घसरते. पॉलिएस्टर सुमारे २५० अंश सेल्सिअसला वितळत असल्याने खाऊच्या पिशव्या बंद करणारे सीलरही तिच्यापुढे निष्प्रभ ठरले.

आता फिल्मचा लांब पट्टा आडवा ठेवून त्याची टोके पानातील चिरांमधून मागे नेऊन चिकटवतो आणि तिकिटांच्या बुडाशी, पट्ट्याच्या आत, जाड कागदाची दोन मिलिमीटरची कड बसवतो. कोरी (न वापरलेली, मागे डिंक असलेली) तिकिटे त्या कडेवर उभी राहतात, वरून चिमट्याने निघतात, आणि मागे त्याच फिल्मचा तुकडा असल्याने पावसाळ्यात डिंक कागदाला धरत नाही. १५ ऑगस्ट १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेतील अजिंठ्याचा हत्ती, कोणार्कचा घोडा आणि घारापुरीची त्रिमूर्ती एका ओळीत अशी काही सरळ बसली आहेत, की पान पुन्हा पुन्हा उघडून पाहावेसे वाटते!

फिल्म घेताना मात्र विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नये. मला ‘पॉलिएस्टर’ म्हणून मिळालेली एक गुंडाळी चक्क पीव्हीसी, म्हणजे तिकिटांना घातक प्लास्टिक, निघाली. पाण्यात टाकून पाहिल्यास फक्त पॉलिप्रॉपिलीन तरंगून वेगळे ओळखता येते. पॉलिएस्टर आणि पीव्हीसी दोन्ही बुडतात. तांब्याची तापलेली तार फिल्मला टेकवून पुन्हा ज्योतीत धरली असता ज्योत हिरवी झाली, तर ते पीव्हीसी समजावे. ही परीक्षा खिडकी उघडी ठेवूनच करावी.

संपूर्ण मालिकेसाठी हाविड या जर्मन कंपनीचे तयार माउंट मागवण्याचा बेत होता. आता ते एक ते पंधरा रुपये दर्शनी किमतीच्या पाच तिकिटांपुरतेच घेईन. वापरलेल्या तिकिटांना हिंज (मागे चिकटवायचे डिंक लावलेले कागदी तुकडे) पुरेसे आहेत, त्यांवर याहून अधिक खर्च मला उधळपट्टी वाटते.

हे लिहीत असतानाच सुचले, की चिरा अल्बमच्या पानाला देण्याऐवजी काळ्या कार्डाच्या पट्टीला द्याव्यात आणि ती पट्टी हिंजने पानावर लावावी. १९५० मध्ये चित्र आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटवून पुन्हा काढलेले एक आण्याचे बोधिसत्त्व मूळ तिकिटाशेजारी बसवायचे आहे, तेव्हा पान न कापता सगळी ओळ सरकवता येईल. अजिंठ्याची ओळ त्यासाठी सोडवावी लागणार. पुढच्या आठवड्यात कार्ड आणतो.