भात कापल्यावर नांगर घालायचा की नाही

गोव्यात गहू कुणी पेरत नाही. आमची थंडी त्याला पुरत नाही. तरी सध्या मी गव्हाच्या पेरणीबद्दल वाचत बसतो, कारण भाचा लुधियानाला शिकतो आणि तिकडच्या शेतांचे व्हिडिओ पाठवतो. एकात भाताची खुंटं तशीच उभी, पेंढा पसरलेला, आणि त्यातूनच ट्रॅक्टरमागचं यंत्र गहू पेरत चाललंय. हॅपी सीडर म्हणतात त्याला. शेजारच्या आबांना दाखवलं तर म्हणाले, "नांगर घालीनासतना? रुजतलें कशें?"

शंका रास्त आहे. भातासाठी आपण चिखल करतो तो पाणी जिरू नये म्हणूनच. वर्षानुवर्षं तसं केलं की वीतभर खाली टणक थर बसतो. भाताला तो सोयीचा, पण मागून येणाऱ्या गव्हाची मुळं तिथे अडतात. म्हणून पंजाब-हरियाणात भात निघाला की नांगर, कुळव, फळी असे फेरे चालायचे. ढेकळं फुटेपर्यंत दिवस जायचे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पडायला हवा तो गहू पार डिसेंबरात पोचायचा. तिथून पुढे दर दिवसाला उत्पन्न साधारण एक टक्क्याने घटतं, कारण दाणा भरतानाच उन्हाळा गाठतो. 2022 च्या मार्चमध्ये उष्म्याने गव्हाचं काय केलं ते आठवत असेल; मे महिन्यात केंद्राने निर्यातच थांबवली.

न नांगरता पेरलं की ते दिवस वाचतात, डिझेलही वाचतं. मला मात्र तणाची गोष्ट जास्त पटली. हरियाणात गुल्ली डंडा नावाचं गवत आहे, लहानपणी हुबेहूब गव्हासारखं. नव्वदच्या दशकात त्यावर नेहमीचं तणनाशक चालेनासं झालं. माती उलटली नाही तर खालचं बी वर येत नाही, त्यामुळे तण कमी उगवतं.

आमच्या पेडण्यात शर्यत उन्हाशी नाही, ओलीशी आहे. ऑक्टोबरअखेर ज्योती जातीचं भात कापलं की उरलेल्या ओलीवर अळसांदे, म्हणजे चवळी. रोटावेटर फिरवला की माती दिसते छान, पण वापसा भराभर उडतो. यंदा व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेचा पट्टा तसाच ठेवून खुंटांच्या मधे अळसांदे टोकले, म्हणजे भोकं पाडून एकेक बी टाकलं. उगवण एकसारखी आली. वरच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, ते जमलं नसतं. ओल्यात कापणीयंत्र शिरलं होतं, चाकांच्या चाकोऱ्या पडल्या होत्या, तिथे नांगर घालावाच लागला. आणि टोकलेल्या पट्ट्यात भाताच्या खुंटांना पुन्हा फुटवे येतात, ते कापत राहावं लागतं. जमिनीलगत कापणी केली तर हा ताप कमी.

नेरळचे चंद्रशेखर भडसावळे याच्या आधीच्या टप्प्यावर जातात. त्यांच्या सगुणा राईस तंत्रात चिखलणीच नाही: उंच गादीवाफे कायमचे, भातही टोकायचं, कापल्यावर मुळं मातीतच राहू द्यायची. दुसऱ्या पिकाचं दुखणं पावसाळ्यात चिखलापासूनच सुरू होतं, हे एकदा मान्य केलं की मला तरी हाच उपाय सरळ वाटतो. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, खाऱ्या पाण्यामुळे गणित वेगळं, पण आमची जमीन वरची, निचऱ्याची.

पुढच्या पावसाळ्यात एका कुणग्यात करून बघायचं आहे. अडचण एकच: माझ्या कुणग्यातलं पाणी मेरेवरून, म्हणजे बांधावरून, आबांच्या कुणग्यात उतरतं. चिखल केला नाही तर माझ्याकडेच जास्त जिरणार, तेव्हा जूनच्या आधी त्यांच्याशी बोलायला हवं.