तलावाचा ऑक्सिजन आणि थायोसल्फेटची संहती : माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी पाचपाखाडीतल्या कचराळी तलावाच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजेच डीओ, मोजायला घेतला. ठाण्यात तलावांना तोटा नाही. मासुंदा किंवा उपवनही निवडता आला असता. पण या कामासाठी पहाटे आणि भर दुपारी पुन्हापुन्हा जावे लागणार होते आणि कचराळी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पद्धत विंकलर यांची, १८८८ सालची: पाण्यातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन सुटू द्यायचे आणि ते टायट्रेशनने मोजायचे, म्हणजे ब्युरेट या खुणा असलेल्या काचेच्या नळीतून थायोसल्फेटचे द्रावण थेंबथेंब सोडून किती लागते ते पाहायचे. प्रयोगशाळेत डीओ मीटर असूनही मार्गदर्शक मॅडमनी स्पष्ट सांगितले, “आधी टायट्रेशन हातात बसू दे, मग मीटरला हात लाव.” या आग्रहाबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

तलावावर जाण्याआधीचे बरेच दिवस एकाच द्रावणात गेले, ते म्हणजे ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट. ‘नॉर्मल’ हे संहतीचे, म्हणजे द्रावणात पदार्थ किती आहे याचे, एकक. हीच संहती का, याचे उत्तर साध्या हिशोबात आहे. या द्रावणाचा एक मिलिलिटर ०.२ मिलिग्रॅम ऑक्सिजनाच्या बरोबरीचा असतो. म्हणून टायट्रेशनसाठी २०० मिलिलिटर नमुना घेतला, की ब्युरेटवर खर्च झालेले मिलिलिटर हेच मिलिग्रॅम प्रति लिटर होतात. सोय मोठी आहे, पण ती संहती खरोखर ०.०२५ असेल तरच. ६.२०५ ग्रॅम स्फटिक काटेकोर तोलून एक लिटर द्रावण केले तरी तशी खात्री देता येत नाही, कारण थायोसल्फेटचे स्फटिक कोरड्या हवेत आपले पाणी सोडतात, पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे द्रावणातून हळूहळू गंधक वेगळे होते, आणि काही जिवाणूही त्यावर जगतात. म्हणून डिस्टिल्ड वॉटर उकळून गार करायचे, द्रावणात चिमूटभर सोडियम कार्बोनेट घालायचे, बाटली तपकिरी काचेची घ्यायची, आणि एवढे करूनही वापरापूर्वी त्याचे प्रमाणीकरण करायचे, म्हणजे खात्रीच्या द्रावणाशी ताडून त्याची खरी संहती काढायची.

प्रमाणीकरण पोटॅशियम डायक्रोमेटने केले. हे क्षार ओव्हनमध्ये वाळवून, डेसिकेटरमध्ये गार करून तोलले, तर त्यांच्या वजनावर पूर्ण भरवसा ठेवता येतो, १.२२६ ग्रॅमचे एक लिटर केले की द्रावण ०.०२५ नॉर्मल. त्यातले २० मिलिलिटर फ्लास्कमध्ये घेऊन पोटॅशियम आयोडाइड व आम्ल घालायचे, फ्लास्क पाच मिनिटे अंधारात ठेवायचा आणि सुटलेले आयोडीन थायोसल्फेटने टायट्रेट करायचे. स्टार्च घातल्यावर येणारा गडद निळा रंग शेवटी जातो, पण द्रावण रंगहीन होत नाही. क्रोमियममुळे फिकट हिरवे राहते. हा हिरवा रंग ओळखायला मला वेळ लागला. आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी फ्लास्कखाली पांढरी टाइल सरकवली आणि म्हणाले, “ताई, घाई करू नका, शेवटचा थेंब अर्धाच सोडा, भिंतीला लावा आणि पाण्याने खाली उतरवा.” पुस्तकात असते त्यापेक्षा हे अधिक नेमके होते.

समजा, त्या २० मिलिलिटरला थायोसल्फेट २०.६ मिलिलिटर लागले. मग त्याची खरी संहती ०.०२४३ नॉर्मल ठरते. फरक क्षुल्लक वाटतो, पण तलावाच्या पाण्याला याच द्रावणाचे ४.१ मिलिलिटर लागले, तर न तपासलेला आकडा ४.१ मिलिग्रॅम प्रति लिटर सांगेल आणि तपासलेला आकडा ३.९८. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यसंवर्धनायोग्य पाण्याला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे तेच पाणी एका हिशोबात पात्र आणि दुसऱ्यात अपात्र. तलावाविषयी बोलताना ब्युरेटमधल्या द्रावणाविषयी आधी बोलावे, हे माझे मत इथेच पक्के झाले.

नमुना घेण्याचे काम वेगळ्या प्रकारची सावधगिरी मागते. ३०० मिलिलिटरच्या बीओडी बाटलीच्या (बीओडी म्हणजे पाण्यातले जीव किती ऑक्सिजन वापरतात याचे माप) तळापर्यंत रबरी नळी सोडून पाणी हळूच भरायचे, ते वरून वाहू द्यायचे आणि बुचाखाली एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मँगनस सल्फेट आणि अझाइडयुक्त अल्कली-आयोडाइड, प्रत्येकी एक मिलिलिटर, तिथेच काठावर बसून घालायचे, कारण बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत आतले जीव ऑक्सिजन वापरतच राहतात. अझाइड लागते ते नायट्राइटसाठी. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात ते असण्याची शक्यता असते, आणि ते स्वतःच आयोडाइडमधून आयोडीन सोडवून ऑक्सिजन असल्याचा भास निर्माण करते. बाटली उलटसुलट केली की तपकिरी अवक्षेप (न विरघळणारा साका) ढगासारखा पसरतो आणि सावकाश खाली बसतो. सरावासाठी मी आधी उकळून, हवा न लागू देता गार केलेले पाणी वापरले होते. त्यात अवक्षेप जवळजवळ पांढराच राहिला. ऑक्सिजन असणे आणि नसणे असे उघड्या डोळ्यांनी पाहता येते, याचे मला आजही अप्रूप वाटते. पुढे सल्फ्युरिक आम्ल घातले की अवक्षेप विरघळतो आणि आयोडीनचा पिवळा-तपकिरी रंग येतो. टायट्रेशनला २०० ऐवजी २०१ मिलिलिटर घ्यायचे, कारण आधी घातलेल्या दोन रसायनांनी बाटलीतले दोन मिलिलिटर पाणी बाहेर ढकललेले असते.

आकडे जमू लागल्यावर वेळेचा प्रश्न पुढे आला. उजाडण्याआधी, फिरायला येणारी मंडळी नुकती जमत असताना घेतलेल्या नमुन्यात ऑक्सिजन सर्वांत कमी निघे आणि दुपारी तो चढे. ३० अंश तापमानाला हवेशी समतोल असलेल्या गोड्या पाण्यात सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन मावतो. हिरव्या पाण्यातले शैवाल भर उन्हात प्रकाशसंश्लेषणाने ही मर्यादाही ओलांडू शकते आणि रात्री श्वसनाने तोच ऑक्सिजन संपवते. म्हणून दुपारचा भरघोस आकडा पाहून तलाव निरोगी ठरवणे मला चुकीचे वाटते. माशांचा जीव जातो तो पहाटे. शिवाय शैवाल दुपारी कार्बन डायऑक्साइड खेचून घेते, त्यामुळे पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे याचे माप) वाढतो आणि अमोनियम आयनांचे रूपांतर माशांना विषारी असलेल्या मुक्त अमोनियात होते. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी एक टक्काही मुक्त रूपात नसतो. पीएच ९ ला तो एक तृतीयांशाहून अधिक असतो. अमोनियाची एकूण संहती तीच, पण धोका कितीतरी पट.

यामुळे माझ्या तक्त्यात डीओच्या शेजारी नमुन्याची वेळ, पाण्याचे तापमान, पीएच आणि त्या दिवशीची थायोसल्फेटची तपासलेली नॉर्मॅलिटी असे रकाने आले. मॅडमनी तक्ता वाचून एकच भर सुचवली, बीओडीची. आपल्याकडे ती २७ अंशांना तीन दिवस ठेवून काढतात, आणि त्यातही पहिल्या व शेवटच्या दिवशीचा डीओ याच टायट्रेशनने मोजायचा असतो; दोन्ही वेळा द्रावण नव्याने तपासले नाही तर वजाबाकीला काही अर्थ राहत नाही. त्या बाटल्या सध्या इन्क्युबेटरमध्ये आहेत. त्यानंतर पाण्याचा कठीणपणा काढायचा आहे. तिथे ईडीटीए या कॅल्शियमला धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या ०.०१ मोलर द्रावणाचा (मोलर हेही संहतीचेच एकक) एक मिलिलिटर एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या बरोबरीचा धरतात, आणि ते द्रावण तपासण्यासाठी शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट मी वाळवायला ठेवले आहे.