व्ह्यूज २११

आज विश्रामबागला चहाच्या टपरीवर उभा राहून यूट्यूब चाळत होतो. कुणा पोरानं घरातच मोबाईलवर रेकॉर्ड केलेला एक अभंग सापडला. नुसती गिटार आणि आवाज. मधेच कुकरची शिट्टी होते, पोरगं हसतं आणि तिथूनच पुढं उचलतं. व्ह्यूज २११. ती शिट्टी कापली नाही म्हणूनच जास्त आवडलं, खरं सांगतो.

लगेच घरच्या ग्रुपवर टाकलं. दोन अंगठे आले आणि एक गुड मॉर्निंगचं फूल. (दुपारी चार वाजता!)

संध्याकाळी आण्णांच्याच कानात हेडफोन घातले. आण्णा मूळचे मिरजेचे, सतारमेकर गल्लीत तंबोरे लागताना ऐकत वाढलेले. गिटार म्हटल्यावर कपाळाला आठी. पण ऐकलं शेवटपर्यंत. "सुरात हाय पोरगं. मागं तंबोरा पायजे हुता."

मग त्यांनाच चेव आला. अब्दुल करीम खाँसाहेबांचं लाव म्हणाले. खाँसाहेब १९३७ ला गेले, पण त्या जुन्या तबकड्या कुणीकुणी नेटवर चढवल्यात. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, तेवढ्यात सगळं गाणं बसवायचं. खरखर आहेच, आवाज मात्र त्यातूनही कसा सरळ येतो! पुढं मिरजेच्या दर्ग्यातल्या उरुसाची एक मैफल मिळाली. गाण्यापेक्षा आण्णा मागची दाद, खोकले, "वा"च ऐकत बसले.

जेवण झाल्यावर हळूच म्हणाले, "त्या कुकरवाल्याला लाव की परत."

आता २१६. त्यातले तीन आमच्याच घरचे.