बोंदार्चुक लावायचा तर सुरुवात कुठून करावी

खानापूर-निपाणीकडच्या एखाद्या वाचनालयात सोव्हिएत दिग्दर्शक सर्गेई बोंदार्चुकचा सिनेमा दाखवायचा असेल तर एकदम ‘युद्ध आणि शांती’ला हात घालू नका. चार भाग, एकूण सात तासांवर. आधी ‘एका माणसाचं नशीब’ लावा. १९५९ चा हा कृष्णधवल सिनेमा पावणेदोन तासांत संपतो. दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिला, आणि मुख्य भूमिकाही त्याचीच. युद्धकैद्यांच्या छावणीतला जर्मन अधिकारी गोळी घालण्याआधी कैदी सोकोलोवपुढे (ही बोंदार्चुकचीच भूमिका) दारू आणि खाणं ठेवतो. उपाशी सोकोलोव पहिला ग्लास रिता करतो, खाण्याला हात लावत नाही. दुसऱ्यानंतरही नाही. बोंदार्चुक मुळात नट होता, ते इथं कळतं.

जन्म १९२० चा, युक्रेनमधल्या खेरसोन भागातला. महायुद्धात लाल सेनेत, नंतर मॉस्कोच्या चित्रपट संस्थेत गेरासिमोव यांच्या हाताखाली शिक्षण. १९५२ मध्येच ‘पीपल्स आर्टिस्ट’ हा मोठा किताब.

मग ‘युद्ध आणि शांती’ दोन दिवसांत वाटून घ्या: पहिले दोन भाग मिळून चार तास, उरलेले दोन भाग तीन तास. चित्र मूळचं ७० मिमीचं, फार रुंद. १० फूट रुंदीच्या पडद्यावर उंची साडेचार फुटांच्या आसपासच येणार. वरखालच्या काळ्या पट्ट्या घालवायला प्रोजेक्टरवर चित्र ताणलंत तर माणसं काठीसारखी उंच दिसतात. सबटायटल खाली येतात, म्हणून पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट तरी वर बांधा, नाहीतर मागच्यांना पुढच्यांची डोकीच दिसतील.

नाचाच्या प्रसंगात कॅमेरामन पेत्रित्स्की चाकाच्या स्केट्सवरून फिरत होता, म्हणून चित्र जोडप्यांच्या मधून वाहत जातं. सोव्हिएत कच्ची फिल्म सदोष निघायची, त्यामुळं झालेली दृश्यं पुन्हा घ्यावी लागत. त्यात पिएर या मुख्य पात्राची भूमिका स्वतःकडे, आणि १९६४ मध्ये हृदयविकाराचा झटका. सिनेमाला ऑस्कर मिळालं.

नेपोलियनच्या शेवटच्या लढाईवरचा ‘वॉटर्लू’ (१९७०) चिकोडीकडच्या काळ्या रानातल्या माणसाला लगेच समजेल. रात्रीच्या पावसानं रान चिखल झालं, तोफा हलेनात, म्हणून नेपोलियननं हल्ला लांबवला. तो चिखल करायला युक्रेनमधल्या उझहोरोदजवळच्या रानात जमिनीखालून सहा मैलांहून जास्त पाइप टाकले होते. सुमारे १५ हजार खरे सोव्हिएत सैनिक रांगेत उभे केले. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांचं संचलन पाहिलेल्यानं पायदळाचे ते चौकोनी व्यूह नीट बघावेत: घोडदळ भोवती फिरत राहतं, आणि कॅमेरा वरून दाखवतो की चौकोन फुटत नाही. तिकीटबारीवर मात्र हा सिनेमा पडला.

शेवटचं काम ‘संथ वाहणारी दोन’ (दोन म्हणजे डॉन नदी). पैशाच्या आणि हक्कांच्या भांडणात रिळं इटलीत अडकली. १९९४ मध्ये बोंदार्चुक वारला. मुलगा फ्योदोरनं ते पुरं केलं आणि २००६ मध्ये रशियन टीव्हीवर आलं.